तिसरा पट्टा

१

बिनतारी सेटचं झाकण उघडलं आणि सेटवाली चमकली. आतली पाटी सगळी जुनाट, भाग जोडणारे कथलाचे डाख खाऱ्या हवेने काळवंडलेले. पण मधोमध दोन डाख मात्र नव्या भांड्यासारखे चकाकत होते. कुणीतरी तिच्या सेटमध्ये हात घातला होता, आणि तिला न सांगता घातला होता.

"ताई, ऐकू येतंय का? उत्तर दे." सेटमधून तिच्या धाकट्या भावाचा आवाज आला. "धुकं फार आहे गं. मला माझ्याच होडीचं टोक दिसत नाही. ताई, बोल ना!"

ती तासाभरापासून बोलतच होती. बटण दाबून, घसा फोडून. पण सेटला नुसते कान उरले होते, जीभ गेली होती. बारक्याचा शब्दन् शब्द इथे पोचत होता आणि इथला एकही शब्द त्याच्यापर्यंत जात नव्हता.

बेट एवढंसं. वर दीपगृह, खाली इंजिनघर, मधे दोन-तीन खोल्या आणि माणसं चार. दीपगृहाचे राखणदार अण्णा, म्हणजे तिचे वडील. इंजिन सांभाळणारा मिस्त्री. हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरुण, ज्याला मिस्त्रीने आल्या दिवशीच 'ढगोबा' नाव ठेवलं होतं. आणि बिनतारी सेटवर बसणारी ती. बारक्या मुख्य भूमीवरून होडीने सामान आणायचा. बेटावरचा दुसरा सेट दुरुस्तीला गेला होता, तो आज त्याच होडीतून परत येत होता. दैव असं वाकुल्या दाखवतं कधीकधी.

धक्क्यासमोर खडकांच्या दोन रांगा होत्या. त्यांना सगळे 'दाढा' म्हणत. दोन दाढांच्या मधल्या फटीतूनच आत यायचं, आणि फटीच्या दोन्ही कडांना खुणेचा एकेक बोया तरंगत ठेवलेला. स्वच्छ हवेत पोरखेळ होता तो. आज दीपगृहाचा दिवा धुक्यात पार हरवला होता, आणि पूर्वीचा भोंगा सेट आल्यावर मोडीत काढलेला. बारक्याचा चिमुकला सेट जेमतेम बेटापर्यंत पोचायचा. त्याची हाक ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, नांगर धरत नाहीये," बारक्या म्हणाला. "ओढ आहे पाण्याला. खडकावर लाटा फुटल्याचा आवाज येतोय, पण कुठल्या बाजूने तेच कळत नाही. मी जागा सोडू का थांबू?"

तिने पाटीवर वाकून त्या दोन चकाकत्या डाखांमधला भाग पाहिला. एक रेझिस्टर होता, कोरा करकरीत. याच्या जागी आधी काय होतं, ते फक्त ज्याने काढलं त्यालाच माहीत. त्या माणसाला गाठायचं, तेही भाऊ खडकावर जायच्या आत.

२

अण्णा धक्क्यावर जाऊन कंठशोष करत होते. मिस्त्री इंजिनघरापुढे लोखंडी पत्रा बडवत होता, पण वारा उलटा असल्याने आवाज बेटावरच घुमत होता. तिने त्याच्या हातातला हातोडा धरला.

"मिस्त्री, सेट कुणी उघडला?"

"मला काय विचारता?" त्याने कानावर हात ठेवले. "तुमच्या त्या खोक्याला मी कधी शिवलोय का?"

"बारक्याशी तुमचं बोलणं बंद आहे."

मिस्त्रीचा चेहरा लाल झाला. "माझ्या इंजिनाला त्याने भंगार म्हटलं, म्हणून नाही बोलत. उद्याही नाही बोलणार. पण त्यासाठी तो इथवर जिवंत यायला हवा ना? न बोलायला तरी माणूस समोर लागतो!" त्याचा आवाज फाटला. "त्याची पहिली हाक येईपर्यंत मी अण्णांबरोबर मागच्या वाफ्यात होतो. टोमॅटो काढत. अण्णांची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, एकेक टोमॅटो दाबून बघणार, नाडी तपासल्यासारखा. पसाभर टोमॅटोंना अर्धी सकाळ गेली. मला कधी वेळ होता सेट उघडायला?"

"आणि त्याच्या आधी?"

"आधी झोपलो होतो. पण ढगोबा नव्हता झोपला." मिस्त्रीने हातोडा परत घेतला. "उजाडताना जाग आली तेव्हा तुमच्या सेटच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलाय मी त्याला. चोरासारखा पडला बाहेर."

३

ढगोबा सेटच्या खोलीतच होता. सुट्या भागांचा खणांचा डबा त्याने उपयोगी पडेल म्हणून टेबलावर आणून ठेवला होता. तिने आधी डबाच ओढला आणि तिचा पारा चढला. काही खणांमध्ये दोन-दोन जातींचे रेझिस्टर एकत्र पडले होते.

"गेल्या आठवड्यातही हेच! तुला हजारदा सांगितलं, खण कालवू नकोस."

"ताई, मी त्या डब्याला हातही लावत नाही. खण अण्णा लावतात."

"अण्णांवर ढकलू नकोस. पहाटे तू इथे काय करत होतास?"

तो सेटकडे बघू लागला. सेटमधून बारक्याचा खोकला ऐकू आला, मागोमाग पाण्याचा सपकारा. ढगोबाचा धीर तिथेच सुटला.

"मी बोलत होतो तिच्याशी," तो म्हणाला. "तिकडच्या कार्यालयात सेटवर बसते ना, ती. आमचं ठरलंय, ताई. पहाटे तिथे दुसरं कुणी नसतं. बोलण्यात भान राहिलं नाही, बटण दाबूनच धरलं होतं मी. मग आत फट् झालं आणि जळका वास आला. माझी पाचावर धारण बसली. मी पळालो."

"आणि उघडून नवा भाग घातलास."

"मी?" तो रडवेला झाला. "मला डाख लावता येत असता तर पळालो असतो का? ताई, शपथ घेतो. मी जाळलं, ते कबूल. पण दुरुस्त मी नाही केलं."

ते खरं होतं. नवे डाख सफाईदार होते, गोल, गुळगुळीत. या बेटावर असे डाख लावणारी माणसं दोनच. एक ती स्वतः. आणि दुसरा तो, ज्याने तिला शिकवलं होतं.

दारात पावलं वाजली. अण्णा धापा टाकत आत आले. अंग धुक्याने ओलं झालेलं.

"सापडलं का काही?" त्यांनी विचारलं.

४

"अण्णा, सेट तुम्ही उघडलात?"

अण्णांनी ढगोबाकडे पाहिलं, मग मुलीकडे. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"हो, मी उघडला. सकाळी खोलीत जळका वास आला. या पोराचं तोंड बघूनच ओळखलं मी. लग्न ठरलंय, नोकरीवर गदा कशाला? एक रेझिस्टर अर्धा जळला होता. तो काढला आणि तसाच नवा टाकला."

"आणि सकाळपासून गप्प राहिलात? तिकडे बारक्या..."

"अगं, कारण ते बरोबर बसवलंय मी!" अण्णांचा आवाज चढला. "बिघाड दुसरीकडे आहे, म्हणून गप्प होतो. पट्ट्याला पट्टा लावून बघितला. दोन्ही शेजारी ठेवून. एका टोकाला जळला होता, पण पट्टे दिसत होते."

"जुना कुठाय?"

"टाकला समुद्रात."

अण्णांची सवयच होती ती. मोडलेली वस्तू घरात ठेवायची नाही, कड्यावरून भिरकावून द्यायची. सेटच्या जोडणीचा नकाशा तर दमट हवेने केव्हाच लगदा होऊन गेला होता. म्हणजे जुना रेझिस्टर कसा होता हे जाणणारी जगात डोळ्यांची एकच जोडी उरली होती.

"बसवल्यावर तपासलंत? बोलायचा लाल दिवा लागला?"

"उजवीकडचा लागला होता."

"लाल ना?"

"उजवीकडचा म्हटलं ना!" अण्णा खेकसले. मुलीवर ते सहसा खेकसत नसत.

तिने मीटर लावला. रेझिस्टर म्हणजे विजेच्या वाटेतला दरवान. किती वीज आत सोडायची ते तो ठरवतो, आणि त्याची ताकद अंगावरच्या रंगीत पट्ट्यांत लिहिलेली असते. पहिले दोन पट्टे आकड्यांचे, तिसरा पुढे शून्यं किती त्याचा. हा होता तपकिरी, काळा, हिरवा. दहावर पाच शून्यं, दहा लाख. मीटरही तेच म्हणाला. मग तिने माइक तपासला, बटण तपासलं, रेझिस्टरच्या मागचा, आवाजाला जोर देणारा ट्रान्झिस्टर तपासला. सगळं ठणठणीत होतं.

दोषाला जागाच उरली नाही. आणि जी एक उरली, तिच्यासाठी अण्णांनी शब्द दिला होता.

"ताई," सेट म्हणाला. बारक्याचा आवाज आता बारीक झाला होता. "नांगराचा दोर तुटला."

५

मिस्त्री आत येऊन भिंतीला टेकला होता.

दुसरा कुठला तरी रेझिस्टर घालून बघावा, तर डब्यात खंडीभर जाती. कमी अडवणारा पडला आणि तो चुकीचा निघाला, तर ट्रान्झिस्टर जळणार, आणि तो बेटावर एकच होता. सगळ्यात जास्त अडवणाऱ्यापासून एकेक उतरत यावं, तर पाटीवरचा तांब्याचा पापुद्रा दोनदा तापून सुटत चालला होता. फार तर आणखी एक डाख तो सोसेल, नंतर हातात येईल. संधी एकच होती.

अण्णा खोटं बोलत नाहीत. मीटर खोटं बोलत नाही. मग दोघांपैकी चुकतंय कोण?

ती रडू दाबत डब्यातले रेझिस्टर उलटेसुलटे करत राहिली. काहीच सुचेना म्हणून करत होती ते. आणि तिचा हात थांबला.

कालवलेले खण सगळे नव्हते. पिवळ्या पट्ट्यांचे स्वच्छ वेगळे, निळ्यांचे वेगळे, पांढऱ्यांचे वेगळे. एकेक तुकडा जिथल्या तिथे, मनापासून लावलेला. घोटाळा होता तो ठराविक खणांत. प्रत्येक कालवलेल्या खणात दोन जाती होत्या, आणि दोघींत फरक एकाच पट्ट्याचा. एकीत लाल, दुसरीत हिरवा.

निष्काळजी माणूस सगळंच कालवतो. हा माणूस निष्काळजी नव्हता. त्याने फार काळजीने लावले होते खण, त्याला जसे दिसले तसे.

खण अण्णा लावतात, असं ढगोबा म्हणाला होता आणि तिने त्याला झिडकारलं होतं. टोमॅटो पिकला का हे अण्णा दाबून ठरवतात. दिवा लाल होता का विचारलं, तर उजवीकडचा म्हणतात. इतक्या वर्षांत अण्णांनी आपण होऊन कुठल्या रंगाचं नाव घेतलंय, असं तिला आठवेना.

तपकिरी, काळा, हिरवा म्हणजे दहा लाख. तपकिरी, काळा, लाल म्हणजे फक्त हजार. ज्याला लाल आणि हिरवा एकच, त्याने दोन्ही शेजारी ठेवून शंभरदा पाहिलं असतं तरी ते सारखेच ठरले असते. अशा डोळ्यांना तपकिरीही फसवतो, पण जुन्याचा तिसरा पट्टा तपकिरी असता, तर पहिल्याशी जुळतोय हे त्याच्याही लक्षात आलं असतं. म्हणजे जुना हजाराचा तरी होता, किंवा खरंच दहा लाखांचा.

तिचा तर्क खरा असेल तर हजाराचा घालायचा. तर्क खोटा असेल आणि हजाराचा घातला, तर ट्रान्झिस्टर जळणार आणि बारक्याला मग कुणीच हाक देऊ शकणार नाही. नुसत्या संशयावर हा डाख लावता येत नव्हता. अण्णांना विचारायलाच हवं होतं.

जन्मभर जहाजांना लाल आणि हिरवे दिवे दाखवणाऱ्या माणसाला.

६

तिने पांढऱ्या बशीत दोन रेझिस्टर ठेवले आणि बशी अण्णांपुढे धरली.

"तुम्ही दोघं जरा बाहेर जा," ती मिस्त्री आणि ढगोबाला म्हणाली.

"राहू देत," अण्णा म्हणाले. "हे काय आहे?"

"अण्णा, यातला हिरव्या पट्ट्याचा मला द्या."

अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "माझी परीक्षा घेतेस? तिकडे पोरगा बुडतोय आणि तू बापाची परीक्षा घेतेस?"

"तो बुडू नये म्हणूनच घेतेय."

अण्णा बशी घेऊन खिडकीशी गेले. धुकट उजेडात बराच वेळ बघत राहिले. "डोळ्यांत पाणी आलंय, नीट दिसत नाही," असं पुटपुटले. मग परत आले. एका रेझिस्टरकडे त्यांचं बोट गेलं, पण नजर रेझिस्टरवर नव्हती. ती मुलीच्या चेहऱ्यावर होती.

तेव्हा तिला कळलं. अण्णा जन्मभर असेच जगले होते. समोरच्याच्या भुवया, ओठ, मानेची हालचाल वाचत. उत्तर नेहमी दुसऱ्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं आणि ते वाचण्यात अण्णा पक्के झाले होते. आता तिच्या तोंडावरूनही वाचतील, बरोबर सांगतील, तिचा तर्क खोटा ठरेल आणि बारक्या जाईल.

तिने डोळे मिटून घेतले. मान खाली घातली. तिला फार वाईट वाटलं. बापाच्या हातातली काठी काढून घेतल्यासारखं वाटलं.

"मिस्त्री, ढगोबा, तुम्हीही," ती म्हणाली. "तोंडं फिरवा."

बशीतले रेझिस्टर एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

"अण्णा आहेत का गं तिथे?" सेटमधून बारक्या म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "असतील तर त्यांना सांग, मी चुकलो कुठे ते मलाच कळलं नाही. सांग, मी घाबरलो नव्हतो."

बशी टेबलावर टेकली.

"डोळे उघड, पोरी," अण्णा म्हणाले. "मला दोन्ही सारखेच दिसतात."

७

डाख वितळला. दहा लाखांचा निघाला, तांब्याचा पापुद्रा कडेने उचलला गेला. तिने हजाराचा बसवला आणि कथलाचा एकच थेंब सोडला. थेंब गोल झाला, गोठला. पापुद्रा तगला.

तिने बटण दाबलं. "बारक्या, ताई बोलतेय. बारक्या!"

काहीच आलं नाही. ढगोबाने तोंडावर हात धरला.

"ताई?" बारक्या हुंदका देऊन ओरडला. "अगं कुठे होतीस तू?"

मिस्त्री मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. पण रडायला अजून वेळ होता.

"मला बोया दिसतोय," बारक्या घाईघाईने सांगत होता. "एकच. अगदी पुढ्यात. पण धुक्यात नुसता काळा दिसतोय गं, लाल का हिरवा कळत नाही! लाल असला तर डावीकडे ठेवायचा, हिरवा असला तर उजवीकडे. चुकलो तर सरळ दाढेवर. ताई, कुठला आहे हा?"

तिला काय ठाऊक! तिने मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने ढगोबाकडे. दोन्ही बोये रोज बघितले होते प्रत्येकाने. एक लाल, एक हिरवा. त्यापलीकडे कुणी कधी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

अण्णांनी तिच्या हातातून माइक घेतला.

"बाळा, रंग राहू दे. बोयाचा माथा कसा आहे? टोकदार का सपाट?"

"माथा?" बारक्या गोंधळला. "सपाट. डब्यासारखा."

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

"मग तो डाव्या हाताला ठेव. अगदी चिकटून ये, भिऊ नकोस, तिथे पाणी खोल आहे. पुढे उजवीकडे टोकदार दिसेल. दोघांच्या मधून सरळ घे."

सेटमधून होडीच्या इंजिनाची घरघर वाढली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते.

"टोकदार दिसला!" बारक्या ओरडला. "उजवीकडेच आहे! अण्णा, इतकी वर्षं ये-जा करतो, माझ्या कधी लक्षात नाही आलं. तुम्हाला कसं ठाऊक?"

अण्णांचा अंगठा बटणावर होता. बारक्याला ऐकू जाईल ते सगळं मुख्य भूमीवरच्या कार्यालयातही ऐकू जात होतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. सेटवालीने त्यांच्या दंडाला हात लावला.

"कारण मला लाल आणि हिरवा कधी वेगळे दिसलेच नाहीत, बाळा," अण्णा म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा डोळ्यांची तपासणी फसवली होती मी. तू सुकाणूकडे बघ."

थोड्या वेळाने खाली धक्क्याला होडी लागली, लाकडावर लाकूड आपटलं. मिस्त्री धावत सुटला होता, त्याने बारक्याला दिलेली पहिली शिवी वरपर्यंत ऐकू आली. सेटवाली टेबलावर डोकं ठेवून रडली, आवाज न करता.

तेवढ्यात सेट पुन्हा बोलला. आवाज मुलीचा होता, तिकडच्या कार्यालयातला. ढगोबा ताठ झाला.

"बेट, सगळं कुशल आहे का? साहेब आत्ताच येऊन बसलेत." ती जरा थांबली. "मधलं एक वाक्य मला नीट ऐकू आलं नाही. खरखर होती फार. महत्त्वाचं नसेल, तर राहू द्या."

बारक्याच्या पहिल्या हाकेपासून सेटमध्ये खरखर नावाला नव्हती. ढगोबा खुणेने मान हलवत होता, नको, अण्णा, नको. ती तुम्हाला वाट करून देतेय.

अण्णांनी खुर्ची ओढली, नीट बसले आणि बटण दाबलं.

"महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "परत सांगतो. लिहून घे."